काट्यावर एकच गाठोडं, वहीत एकच नाव

सीतादहीची, म्हणजे वेचणीआधीची, पूजा आटोपली की यवतमाळ-वर्धेकडं पऱ्हाटीत कापसाची वेचणी जोर धरते आणि सातवी-आठवीच्या पोरी वर्गातून दिसेनाशा होतात. याला कोणी बालमजुरी म्हणत नाही. "आईसंग गेली वावरात," एवढंच म्हणतात.

कायदे-करार कमी आहेत असं नाही. बालमजुरीचे सर्वांत वाईट प्रकार बंद करणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९९ चा १८२ क्रमांकाचा करार २०२० पर्यंत तिच्या सर्व १८७ सभासद देशांनी मान्य केला. कुठल्याच कामगार-कराराला याआधी एवढी मान्यता मिळाली नव्हती. भारतानं तो आणि किमान वयाचा १३८ क्रमांकाचा करार जून २०१७ मध्ये स्वीकारला. २०२५ पर्यंत बालमजुरी संपवायची, असं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्षात २०२४ मध्ये जगभरात सुमारे १३ कोटी ८० लाख मुलं मजुरीत होती आणि त्यांतली दहापैकी सहा शेतीत. आपल्याकडं धाडी पडतात त्या हॉटेलांवर आणि गॅरेजांवर, कारण तिथं मूल डोळ्यांना दिसतं.

वावरात ते का दिसत नाही, हे वेचणीच्या हिशोबात पाहा. मजुरी किलोमागे असते. आई आणि बारा वर्षांची पोरगी पिकाच्या शेजारच्या तासांना, म्हणजे ओळींना, लागतात, पोरगी कमरेची ओटी कापसानं भरली की आईच्या गाठोड्यात रिकामी करते. संध्याकाळी काट्यावर एकच गाठोडं चढतं, वहीत एकच नाव लागतं. पोरीनं वेचलेले आठ-दहा किलो आईच्या वजनात मिसळून जातात. बालमजुरी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलाला स्वतःच्या कुटुंबाच्या कामात, तेही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मदत करायची मुभा दिली आहे. दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं वेचणी करणं त्यात बसत नाही. पण नावच नाही, तर गुन्हा कोणावर लावणार?

पुढं हा कापूस जिनिंगच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, ढिगात जातो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४-३५ किलो रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या एका गठाणीला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो. ढिगात कित्येक गावांचा माल एकत्र झालेला असतो. सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल बाजारात येऊ न देणारा युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. चीनमधल्या शिनजियांगच्या कापसाला अटकाव करणारा अमेरिकेचा कायदा जून २०२२ पासून लागू आहेच. मला हे कायदे हवे आहेत, कारण खरेदीदाराला धाक असल्याशिवाय वह्या उघडत नाहीत. पण तपासणी करणारे बहुतेकदा जिनिंगच्या फाटकाशी थांबतात. तोंडाला मास्क, संडास, कामगारांचे वयाचे दाखले पाहून परत जातात.

तपासायची गोष्ट शेवटच्या वेच्यात, म्हणजे वेचणीच्या शेवटच्या फेरीत, आहे. पहिल्या-दुसऱ्या वेच्यात बोंडं भरलेली असतात, एक बाई दिवसाला तीस-चाळीस किलो वेचते. फरदडीत, म्हणजे हंगाम लांबवून ठेवलेल्या पिकात, बोंडं बारीक आणि विरळ, तेव्हा दिवसभर वाकूनही दहा-पंधरा किलोच निघतात. किलोमागचा भाव तोच ठेवला तर बाईची मजुरी किमान वेतनाच्या खाली जाते. ती तूट भरायलाच पोरगी येते. किमान वेतनाहून कमी पैशात करून घेतलेलं काम ही संविधानाच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच सांगितलं. म्हणून शेवटच्या वेच्यांना रोजानं मजुरी द्या आणि प्रत्येकीचं वजन वेगळं करून वहीत नाव-वयासह लिहा. वाढीव रोजाचा भार एकट्या शेतकऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. स्वच्छ कापसाचं लेबल लावून कपडा विकणाऱ्यानं तो उचलावा.

वीटभट्टीचा प्रकार याहून वाईट. मेळघाटातून कुटुंबं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन निघतात, मजुरी हजार विटांमागे ठरते, पोरं ओल्या विटा उलटवतात. उचलीची वही मालकाकडं आणि फिटेपर्यंत भट्टी सोडायची नाही, ही १९७६ च्या कायद्यानुसार वेठबिगारी. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी या कायद्यानं मालकावर टाकली आहे. हे पुष्कळ कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसतं.

अशी भट्टी दिसली तर तक्रार लेखी, थेट जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडं द्या आणि पोच घ्या. मूल अडकलेलं असेल तर १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावरही कळवा. जबाब मालक-मुकादमापासून दूर आणि मेळघाटातल्या मजुरांची कोरकू भाषा समजणारा माणूस सोबत असतानाच व्हायला हवेत. प्रकरण फसतं ते पुढं. "मजुरीचा वाद" अशी नोंद होते, मालक थोडे पैसे देतो, कुटुंबाला गाडीत बसवून गावी पाठवतात आणि फाईल बंद होते. पुढच्या हंगामात तोच मुकादम नवी उचल घेऊन दारात उभा. वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्ती प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय कुटुंबाला हलू देऊ नका. त्यावर प्रत्येक सज्ञान मजुराचं नाव वेगळं हवं, नुसतं नवऱ्याचं नको, आणि काम करणाऱ्या मुलांचीही नावं हवीत. केंद्राच्या योजनेत पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख आणि अति गंभीर प्रकरणांत ३ लाख रुपये पुनर्वसनाची रक्कम आहे. तातडीची ३० हजारांपर्यंतची मदत खटल्याच्या निकालासाठी अडवता येत नाही. कार्यालयात "आधी निकाल लागू द्या" म्हणाले, तर तेच उत्तर त्यांच्याकडून लेखी मागा.