पाठ केलेली भूमिका आणि फुकटचा प्रवास: एका दाव्याचा प्रतिवाद

बॅले नर्तकांविषयीचा एक मजकूर सध्या मराठी वाचकांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: पाश्चात्त्य बॅले नर्तक तरुणपणी तीन-चार भूमिका घोटून घेतो, पुढे त्यांच्याच जोरावर कंपनीच्या खर्चाने जगभर हिंडतो, आपल्या कथक वा भरतनाट्यमच्या कलावंतासारखे त्याला नवे काही शिकावे लागत नाही, आणि पस्तिशीत तो घरी बसतो. पुराव्यादाखल रशियन नर्तिका ॲना पाव्हलोवा यांचे नाव येते. मरणाऱ्या हंसाच्या एका नृत्यावर त्यांनी आयुष्य काढले म्हणे. मजकूर चुरचुरीत असला तरी त्यातले एकही विधान तपासणीत टिकत नाही. शेवटचे तेवढे थोडेफार तग धरते.

पहिले विधान भूमिका एकदा पाठ झाली की कायमची झाली, हे. ‘स्वान लेक’ या बॅलेचेच पाहा. आज बहुतेक कंपन्या मारियुस पेतिपा आणि लेव्ह इव्हानोव्ह या नृत्यरचनाकारांच्या १८९५ सालच्या सेंट पीटर्सबर्गच्या रचनेचा आधार घेतात, परंतु प्रत्येकीची आवृत्ती निराळी असते. त्याच शहरातल्या मारिइन्स्की नाट्यगृहात चालणाऱ्या कॉन्स्तान्तिन सेर्गेयेव्ह यांच्या १९५० सालच्या आवृत्तीत शेवट गोड होतो, तर पॅरिस ऑपेरासाठी रुडॉल्फ नुरेयेव्ह यांनी १९८४ साली केलेल्या आवृत्तीत तो शोकान्त आहे. एका ठिकाणची ओदेत, म्हणजे या बॅलेची नायिका, दुसरीकडे पाहुणी म्हणून जाते तेव्हा तिला प्रवेश, प्रस्थाने, मूकाभिनय, जोडीदाराने उचलण्याच्या जागा आणि कधीकधी नायिकेचे भवितव्यसुद्धा नव्याने शिकावे लागते. अंगात मुरलेले जुने विसरणे हे नवे शिकण्याहून अवघड असते, हे नाटकात बदली भूमिका केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

शिवाय हे शिक्षण निव्वळ चित्रफीत पाहून होत नाही. व्लादिमीर स्तेपानोव्ह यांनी १८९२ साली नृत्यलेखनाची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात लिहिलेल्या मारिइन्स्कीच्या नोंदी निकोलाय सेर्गेयेव्ह यांनी क्रांतीनंतर रशियाबाहेर आणल्या आणि त्यांच्याच आधारे १९३४ साली लंडनमध्ये ‘जिझेल’ आणि ‘स्वान लेक’ उभे केले. मात्र त्या नोंदींत पायांचा तपशील असला तरी हातांचा आणि धडाचा बऱ्याचदा त्रोटकच आहे. पुढे रुडॉल्फ आणि जोन बेनेश या दांपत्याने पाच ओळींच्या स्वरलिपीवर बसणारी लेखनपद्धती आणली आणि रॉयल बॅलेने ती स्वीकारली. तरीही कागदावरचे पाऊल शरीरात उतरवण्यासाठी ती भूमिका पूर्वी केलेली व्यक्ती तालमीच्या खोलीत समोर लागतेच. मान किती वळवायची, श्वास कुठे घ्यायचा, हे आजही माणसाकडून माणसाकडे जाते, आणि ज्या मजकुराला गुरुमुखी विद्येचा एवढा अभिमान आहे त्याच्या लेखकाने नेमके हेच पाहिलेले नाही.

समूहातल्या नर्तिकेची गोष्ट तर याहून बिकट आहे. ‘ला बायादेर’मधल्या छायांच्या प्रवेशात २४ किंवा ३२ जणी एकामागोमाग एक तेच पाऊल टाकत उतारावरून खाली येतात. त्या रांगेत कोणी दुखापतीने गळाली तर त्याच संध्याकाळी दुसरीला तिच्या जागी उभे राहावे लागते, म्हणून एकाच नृत्यातल्या अनेक जागा एकीला ठाऊक असाव्या लागतात. रात्री एका बॅलेचा प्रयोग आणि दिवसा पुढच्या दोन-तीन बॅलेंच्या तालमी, असा हा क्रम हंगामभर चालतो.

दुसरे विधान फुकटच्या प्रवासाचे. दौऱ्यावरही सकाळचा वर्ग चुकत नाही. आदल्या रात्री विमानात कितीही वेळ गेला असला तरी दांडीला धरून प्लिए, म्हणजे गुडघे वाकवण्याचे व्यायाम, करावेच लागतात. मग नवा रंगमंच अंगवळणी पाडायचा. पॅरिसच्या पाले गार्निए या ऑपेरागृहाचा रंगमंच प्रेक्षकांकडे ५ टक्के उतरता आहे. सपाट जमिनीवर शिकलेल्या नर्तिकेला तिथे गिरकी घेताना शरीराचा तोल पुन्हा शोधावा लागतो, आणि ‘स्वान लेक’मधल्या ओदिल या भूमिकेतल्या ३२ फुएत्ते, म्हणजे सलग गिरक्या, ती एकाच पायावर उभी राहून करत असते. पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहण्यासाठीचे पॉइंट शूज नवे असताना कडक आणि थोड्याच वेळात मऊ पडणारे असतात, आणि एका मोठ्या भूमिकेत एक जोड संपणे नेहमीचेच. त्यांच्या फिती शिवायचे काम बहुधा नर्तिका स्वतःच करते. शहर पाहायला वेळ उरतो तो असा.

आणि दौरा नेहमी सुखरूप संपतोच असे नाही. मे १९४० मध्ये निनेत द व्हालोआ यांची लंडनची सॅडलर्स वेल्स ही बॅले कंपनी नेदरलँड्समध्ये असताना जर्मन सैन्य त्या देशात घुसले. नर्तक जीव वाचवून परतले, पण ६ बॅलेंचे नेपथ्य, पोशाख आणि संगीत तिथेच राहिले. त्यांत फ्रेडरिक ॲश्टन यांचे ‘होरोस्कोप’ होते, आणि ते बॅले कायमचे गेले. घरी परतलेल्या मंडळींना उरलेल्या कार्यक्रमावर आणि नव्या रचनांवर युद्धाची वर्षे काढावी लागली.

आता पाव्हलोवा. मिखाइल फोकिन यांनी त्यांच्यासाठी रचलेला तो हंस जेमतेम काही मिनिटांचा आहे. त्याच्यावर अख्ख्या संध्याकाळचा कार्यक्रम कसा होईल, हा प्रश्न मजकूर लिहिणाऱ्याला पडायला हवा होता. १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये त्या राधा झाल्या, आणि कृष्ण होते तरुण उदय शंकर. त्याआधी त्या दौऱ्यावर भारतात येऊन गेल्या होत्या. त्यांच्याच प्रोत्साहनाने मुंबईच्या लीला सोखी, म्हणजे मेनका, नृत्याकडे गंभीरपणे वळल्या. मेनकांनी पुढे कथकवर आधारलेल्या नृत्यनाट्यांसह १९३६ ते १९३८ या काळात युरोपचा दौरा केला आणि खंडाळ्याला नृत्यशाळा काढली, तेव्हा ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशी भिंत घालणाऱ्यांनी निदान खंडाळ्याचा तरी विचार करावा. अभिजात बॅलेत कथकसारखी उपज नसते, हे मी मान्य करतो. ऐन प्रयोगात पदन्यास बदलण्याची मुभा तिथे नाही. पण म्हणून शिकणे संपते, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. स्वतः पाव्हलोवा यांचा मृत्यू २३ जानेवारी १९३१ रोजी द हेग येथे झाला, दौऱ्यावर असताना, पन्नासावा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला असताना.

राहिला पस्तिशीचा मुद्दा. शरीर झिजते हे खरे आहे, आणि अनेकांची कारकीर्द दुखापतीने फार लवकर संपते. परंतु पॅरिस ऑपेरात नर्तकांच्या निवृत्तीचे वयच ४२ आहे. इंग्लिश नर्तिका मार्गो फाँटेन २१ फेब्रुवारी १९६२ रोजी नुरेयेव्ह यांच्याबरोबर ‘जिझेल’मध्ये प्रथम उभ्या राहिल्या तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या, आणि पुढल्याच वर्षी ॲश्टन यांनी त्या दोघांसाठी ‘मार्गरीट अँड आर्मांड’ हे नवे बॅले रचले. इटालियन नर्तिका अलेस्सांद्रा फेरी यांनी २००७ साली निरोप घेतला होता. त्या परतल्या, आणि मे २०१५ मध्ये वेन मॅकग्रेगर यांच्या ‘वुल्फ वर्क्स’मध्ये त्यांच्यासाठीच घडवलेली भूमिका घेऊन रॉयल ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर आल्या, तेव्हा त्यांना ५२ वर्षे पूर्ण होऊन आठवडाही झाला नव्हता.