‘मोबाइल आहे ना, मग बीकन कशाला?’ : एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

न्यूझीलंडमध्ये डोंगरात जाणाऱ्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर एक संदेश फिरत असतो. त्याचा गोषवारा असा : “पर्सनल लोकेटर बीकनवर शेकडो डॉलर घालवू नका. रेंज नसली तरी १११ लागतो. नव्या आयफोनवरून तर सॅटेलाइटनेच मदत मागता येते. बीकनला दरमहा वर्गणी पडते आणि हेलिकॉप्टर आलं की बिल आपल्या माथी. घ्यायचाच तर जुना, स्वस्तातला घ्या, सॅकच्या तळाशी टाका. बटण दाबलं की दहा मिनिटांत हेलिकॉप्टर हजर.”

पर्सनल लोकेटर बीकन म्हणजे संकटात बटण दाबलं की उपग्रहामार्फत बचावयंत्रणेला आपली जागा कळवणारं हातात मावणारं यंत्र, आणि १११ हा न्यूझीलंडचा इमर्जन्सी नंबर. संदेशातलं आयफोनबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं वाचून कुणी दक्षिण बेटावरच्या दुर्गम फिओर्डलँडच्या दरीत उतरला, तर त्याच्या जिवावर बेतेल.

“रेंज नसली तरी १११ लागतो.” हा गैरसमज एका खऱ्या गोष्टीतून आला आहे. तुमच्या कंपनीचा टॉवर नसेल पण दुसऱ्या कंपनीचा असेल, तर इमर्जन्सी कॉल त्या दुसऱ्या टॉवरवरून जातो. कुणाचाच टॉवर नसेल तर कॉल जायला वाटच नसते. दक्षिण बेटावरच्या खोऱ्यांत नेमकी तीच स्थिती असते. बीकनला टॉवर लागत नाही आणि सिमकार्डही लागत नाही. तो ४०६ मेगाहर्ट्झवर ५ वॅटचा संदेश थेट उपग्रहांकडे पाठवतो : साधारण दर ५० सेकंदांनी, अर्ध्या सेकंदाचा. ही कॉस्पास-सारसॅट नावाची आंतरराष्ट्रीय यंत्रणा आहे. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका, सोव्हिएत संघ, कॅनडा आणि फ्रान्स यांनी ती मिळून उभारली आणि १९८२ पासून ती माणसं वाचवते आहे.

“आयफोनवरून सॅटेलाइटने मदत मागता येते.” येते. आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनांवर ही सोय न्यूझीलंडमध्ये मे २०२३ पासून आहे, आणि ती असणं चांगलंच. काय झालंय हे लिहून कळवता येतं, बीकनला ते जमत नाही. पण फोन उपग्रहाच्या दिशेने धरून ठेवावा लागतो, ओल्या, गारठलेल्या बोटांनी टाइप करावं लागतं आणि दिवसभर फोटो काढून बॅटरी उतरलेली असते. नदीत पडलेला किंवा खडकावर आपटलेला फोन मदतीला येईलच असं नाही. बीकनची लिथियम बॅटरी मात्र वर्षानुवर्षे वापराविना राखलेली असते, आणि उणे २० अंश तापमानातही किमान २४ तास प्रक्षेपण चालावं हा त्याच्या प्रमाणपत्राचा निकष आहे. म्हणून फोन असला तरी बीकनही हवाच.

“दरमहा वर्गणी पडते.” इथे दोन वेगळ्या वस्तूंची गल्लत झाली आहे. वर्गणी पडते ती सॅटेलाइट मेसेंजरला, म्हणजे उपग्रहावरून लेखी निरोप पाठवणाऱ्या यंत्राला, कारण तो खासगी कंपनीच्या उपग्रहांवरून चालतो. बीकनला वर्गणी नसते. नोंदणी करावी लागते, ती न्यूझीलंडमध्ये मोफत आहे आणि कायद्याने सक्तीची आहे.

या नोंदणीकडे लोक फार दुर्लक्ष करतात. प्रत्येक बीकनचा १५ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि त्यात देशाचा संकेतांक असतो : न्यूझीलंडचा ५१२, ऑस्ट्रेलियाचा ५०३, भारताचा ४१९. संदेश मिळाला की बचाव समन्वय केंद्र आधी नोंदणीत दिलेल्या संपर्काला फोन करतं : कोण गेलंय, कुठे, किती जण, कुणाला काही आजार आहे का. तो फोन उचलणाऱ्या माणसाला तुमचा बेत माहीत असला पाहिजे. घरच्यांना मार्ग आणि परतीची तारीख लिहून द्या. ऑस्ट्रेलियात घेतलेला बीकन न्यूझीलंडमध्येही चालतो, पण तुमची माहिती आधी तिकडून मागवावी लागते. देश कायमचा बदलला असेल तर विक्रेत्याकडून संकेतांक बदलून घ्या. फोन नंबर बदलला तर त्याच दिवशी नोंदणीत दुरुस्ती करा.

“हेलिकॉप्टरचं बिल आपल्या माथी.” न्यूझीलंडमध्ये शोध आणि सुटकेचे पैसे वाचवलेल्या माणसाकडून घेतले जात नाहीत. या भीतीपोटी पाय मोडलेला माणूस रात्रभर थांबतो आणि सकाळपर्यंत थंडीने गळून जातो. जिवाला धोका आहे आणि दुसरा मार्ग नाही, इतकं ठरलं की बटण दाबायचं. तेही उजेड असताना, अंधार पडायची वाट न पाहता.

“जुना स्वस्तातला घ्या.” फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारे जुने बीकन उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणं बंद केलं आहे. ४०६ चा असला तरी जीपीएस आहे का ते पाहा. जीपीएस असेल तर जागा साधारण १०० मीटरच्या आत कळते. नसेल तर संदेशाच्या लहरींवरून उपग्रह अंदाज बांधतात, आणि त्यात काही किलोमीटरचा फरक पडू शकतो. झाडीत तेवढ्या फरकाने शोध कित्येक तास लांबतो. बॅटरीची मुदत पाठीवर छापलेली असते. ती घरी बदलता येत नाही, सर्व्हिस सेंटरमधूनच बदलावी लागते. एकदोन ट्रेकपुरता हवा असेल तर भाड्याने मिळतो, तो घ्या. आणि मुदत संपलेला बीकन कचऱ्यात टाकू नका. कचरा डेपोत दाबला जाऊन तो सुरू होतो आणि शोधपथक तिथे जाऊन पोहोचतं.

“सॅकच्या तळाशी टाका.” अजिबात नको. न्यूझीलंडच्या डोंगरात नद्या ओलांडताना माणसं वाहून जातात आणि सॅक तर आधी जाते. बीकन जेमतेम ११५ ते १५० ग्रॅमचा असतो. तो जाकिटाच्या खिशात किंवा कमरेला, दोरीने बांधलेला असावा. आणि गटातल्या प्रत्येकाला तो कुठे आहे व कसा चालू करायचा हे माहीत असावं, कारण पडणारा माणूस बीकनवालाच असू शकतो.

“बटण दाबलं की दहा मिनिटांत हेलिकॉप्टर.” सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आधी झाडीतून, कड्याखालून किंवा झोपडीतून बाहेर, मोकळ्या आभाळाखाली या. सील तोडून अँटेना पूर्ण उलगडा, अर्धवट नको. दिवा लुकलुकू लागेपर्यंत बटण दाबून ठेवा. बीकन सपाट जागी ठेवून अँटेना सरळ उभी करा. जीपीएसच्या खुणेवर हात, कपडा किंवा सॅक येऊ देऊ नका. अरुंद दरीत थोडा धीर धरा : विषुववृत्तावरचे स्थिर उपग्रह इथून उत्तरेला, आभाळात बरेच खाली दिसतात आणि कड्याआड जातात, तेव्हा फिरते उपग्रह डोक्यावर येईपर्यंत वेळ लागू शकतो.

त्यानंतर बॅटरी वाचवायला बीकन बंद-चालू करू नका. ४०६ सोबतच बीकन १२१.५ मेगाहर्ट्झवरही क्षीण संदेश सोडतो. उपग्रह तो ऐकत नाहीत, पण जवळ आलेलं हेलिकॉप्टर त्याचाच माग काढत येतं. बंद केलात तर शेवटच्या टप्प्यात तो माग तुटतो. जागाही सोडू नका. ढग असतील तर हेलिकॉप्टर येऊ शकत नाही, पायी पथक येतं, आणि कधीकधी रात्र काढावी लागते. म्हणून गरम कपडे, खाणं आणि पाऊस अडवणारं आवरण बीकनइतकंच गरजेचं आहे. रात्री हेडटॉर्च आभाळाकडे हलवा. हेलिकॉप्टर जवळ आलं की तंबू आणि सुटं सामान दाबून ठेवा. काही नव्या बीकनांवर संदेश पोहोचल्याची पोच देणारा दिवा असतो. जागा यंत्रणेला कळली, एवढाच त्याचा अर्थ. मदत निघाल्याचं तो सांगत नाही.

चुकून चालू झाला तर बंद करा आणि लगेच समन्वय केंद्राला फोन करा, कुणी रागावत नाही. चाचणी फक्त चाचणीच्या बटणाने, महिन्यातून एकदाच. जीपीएसची चाचणी बॅटरी खाते, ती मोजकीच करा.

राहिला तो सॅटेलाइट मेसेंजर किंवा बीकन सुट्टीत सह्याद्रीत घेऊन येण्याचा विचार. भारतात परवानगीविना सॅटेलाइट उपकरणं बाळगता येत नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर सॅटेलाइट मेसेंजर सापडल्याने एका कॅनेडियन धावपटूवर कारवाई झाली होती. बीकनची यंत्रणा भारतातही आहे, इस्रो ती बेंगळुरूहून चालवते. पण परदेशात नोंदवलेलं कुठलंही प्रक्षेपक यंत्र लेखी परवानगी हातात नसताना बॅगेत घालू नका. सह्याद्रीत जाताना ११२ आणि लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्थानिक बचाव तुकड्यांचे नंबर निघण्याआधी लिहून घ्या, आणि गावातल्या वाटाड्याला परतीची वेळ सांगून मगच वर चढा.