टाकी, एलईडी आणि शेजारच्या काकू

आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरात टाकी भरल्याचा इंडिकेटर म्हणजे शेजारच्या काकू. "वैनीऽऽ, मोटर बंद कराऽऽ, बोळात रंकाळा झालाय!" दर वेळी इज्जत जायची, म्हणून मी ठरवलं की मोटरच्या बटनाशेजारी लाल एलईडी लावायची, दिवा दिसला की मोटर चालू, विषय संपला.

आता एलईडीला लागतात दोनच व्होल्ट आणि बोर्डात 230, त्यातही लाटेच्या टोकाला 325, म्हणजे तालमीत पहिल्या दिवशी आलेल्या पोराची जोड थेट हिंदकेसरीशी. मध्ये करंट अडवायला 47 के चा (47 हजार ओहमचा) रेझिस्टन्स घातला, एलईडी उलट बाजूनं पाचेक व्होल्टच सोसते म्हणून तिला उलटा डायोडपण (करंट एकाच बाजूनं जाऊ देणारा) लावला, सगळं बरोबर, फक्त रेझिस्टन्स घेतला पाव वॅटचा आणि त्याच्या डोक्यावर बसला वॅटभराहून जास्त भार. (कोल्हापुरात मिसळीबरोबरसुद्धा पाव चालत नाही, ब्रेड लागतो, तर इथं काय चालणार.) जरा वेळानं आई आतून, "काय रं, खोबरं करपलं व्हय?"

मग रेझिस्टन्सच्या जागी कपॅसिटर आणला, 0.1 मायक्रोफॅरडचा, मेनसाठीचा एक्स-टू मार्कवाला. अजिबात तापत नाही. टेबलावर ट्राय केलं, झकास पेटली, प्लग काढला आणि पिनेला बोट लागलं... आई गं! प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज साठून राहतो, तो रिकामा करायला कपॅसिटरला आडवा 1 मेगचा (दहा लाख ओहमचा) रेझिस्टन्स लागतो, तो माझ्या खिशात होता. वायरमन मामा नुसते बघत होते. शेवटी त्यांनीच मेन बंद करून सगळं प्लास्टिकच्या डबीत बसवलं, कारण अशा एलईडीच्या पायाला हात लावणं म्हणजे थेट मेनला हात लावणंच.

चार दिवस मजेत गेले. पाचव्या दिवशी दिवा लागलेला आणि टाकी ठणठणीत कोरडी, मोटरकडची वायरच सुटलेली! एलईडी बिचारी बटनापर्यंत व्होल्टेज आलंय एवढंच सांगत होती, करंट जातोय का हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मग हजारास एकचा छोटा करंट ट्रान्सफॉर्मर. मोटरची एक वायर त्याच्या भोकातनं ओवायची, तिकडं चार अँपियर गेले की इकडं चार मिलीअँपियर, त्यावर एलईडी पेटते आणि मेनला कुठं चिकटतच नाही. परवा सकाळी लागली की मस्त! मी आईला हाक मारून दाखवतोय तोच भिंतीपलीकडनं आवाज, "अवो वैनी, मोटर कोरडीच फिरालीय, आज नळाला पाणीच न्हाई!"