"व्हॉलीबॉलमध्ये भारताने कधीच काही केलं नाही" हे फॉरवर्ड करण्याआधी एवढं वाचा

एशियाड जवळ आलं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. भारताच्या पुरुष व्हॉलीबॉल टीमने आजवर एकही मेडल आणलं नाही, आपल्या लोकांची उंचीच कमी, कोरिया-जपानला आपण हरवूच शकत नाही, ऑलिंपिक तर लांबच, मग यांच्यावर पैसा कशाला घालवायचा, असा एकंदर सूर असतो. चांगली खेळाची जाण असलेले लोकपण तो पुढे ढकलतात याचा मला खरंच राग येतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"एकही मेडल नाही". साफ खोटं. १९५८ च्या टोकियो एशियाडमध्ये ब्राँझ, १९६२ ला जकार्तामध्ये सिल्व्हर, १९८६ ला सोलमध्ये परत ब्राँझ. तीन मेडल आहेत. यावर लगेच उत्तर येतं की तेव्हा खेळायचंच कोण. पहिल्या दोन मेडलांच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे, टीम कमी असायच्या आणि चीन तर एशियाडमध्ये १९७४ ला आला, ते मी मान्य करतो. पण १९८६ चं काय? तिथे चीन होता, घरच्या मैदानावर कोरिया होता, जपान होता, आणि आपण जपानला मागे टाकून तिसरे आलो. जपान म्हणजे १९७२ ला म्युनिकमध्ये ऑलिंपिक गोल्ड घेतलेला देश, कोणी ऐरागैरा नाही. पी. व्ही. सिंधू घराघरात माहीत आहे, तिचे वडील पी. व्ही. रमणा याच टीममध्ये होते, हे किती जणांना माहीत असतं?

आणि त्याच टीममध्ये जिमी जॉर्ज होता. केरळच्या कन्नूर जिल्ह्यातल्या पेरावूरचा पोरगा, एकविशीत अर्जुन पुरस्कार, आणि पुढे इटलीत जाऊन तिथल्या क्लबकडून प्रोफेशनल खेळला, तेही त्या काळात जेव्हा आपल्याकडे व्हॉलीबॉल म्हणजे पोलीस, रेल्वे नाहीतर आर्मीत नोकरी मिळवायचा रस्ता एवढंच समजायचे. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये इटलीतच कार अपघातात गेला, वय फक्त ३२. इटलीतल्या मोंटिकियारी गावातल्या इनडोअर स्टेडियमला आजही त्याचं नाव आहे, पालाजॉर्ज म्हणतात त्याला. ज्या देशाची लीग जगात सगळ्यात तगडी मानतात तिथल्या लोकांनी भारतीय खेळाडूचं नाव स्टेडियमला दिलं, आणि आपण इथे बसून कधीच काही केलं नाही असं लिहितो.

उंचीचा मुद्दा. व्हॉलीबॉलमध्ये उंची लागते, नाही कोण म्हणतंय. पण जपानचा युजी निशिदा १९० सेंमीपण नाही आणि त्याची सर्व्हिस घेताना भल्याभल्या टीमचा पास, म्हणजे बॉलला लागणारा पहिला हातच, तुटतो. जपानने २०२३ च्या नेशन्स लीगमध्ये ब्राँझ आणि २०२४ ला सिल्व्हर घेतलं ते पास, डिफेन्स आणि फास्ट लिफ्टिंगच्या (स्मॅशसाठी बॉल उचलून देण्याच्या) जोरावर, समोर दोन-दोन मीटरचे ब्लॉकर उभे असताना. आणि आपल्याकडे उंच पोरं नाहीत असंही नाही, हरियाणा, पंजाब, केरळ, तमिळनाडूच्या टीम एकदा नेटजवळ उभ्या राहिलेल्या बघा. हाडामांसाला दोष दिला की सिस्टिमला कोणी काही विचारत नाही, म्हणून हा मुद्दा सगळ्यांना सोयीचा पडतो.

"कोरियाला हरवू शकत नाही". २० सप्टेंबर २०२३, हांगझोऊ एशियाड. समोर दक्षिण कोरिया, आधीच्या एशियाडचा सिल्व्हर मेडलिस्ट. पहिला सेट आपण २५-२७ ने घालवला. इथेच बहुतेकांनी मोबाईल खाली ठेवला असेल. दुसरा २९-२७ काढला, तिसरा २५-२२, चौथा परत कोरियाने २५-२० ने नेला, आणि पाचवा १७-१५ आपण घेतला, म्हणजे १५ ला संपणारा सेट ताणत नेऊन, जिथे एक सर्व्हिस नेटमध्ये गेली की खेळ खल्लास. अमित गुलिया, विनीत कुमार, अश्वल राय यांनी त्या दिवशी जे स्मॅश मारलेत ते परत बघण्यासारखे आहेत. नंतर चायनीज तैपेईला ३-० ने हरवलं. पुढे क्वार्टरफायनलला जपानने ३-० ने धुतलं आणि पाचव्या जागेसाठी पाकिस्तानकडूनही ३-० ने हरलो, त्यामुळे सहावा नंबर. ती हार मला अजून टोचते, ती लपवायची नाही. पण कोरियाला हरवता येत नाही हे वाक्य त्या दिवशीच संपलं.

ऑलिंपिकचा मुद्दा खरा आहे, आपण एकदाही क्वालिफाय झालेलो नाही. त्यावर वाद नाही.

आता राहिलं "पैसा कशाला". इथेच खरी गोची आहे, आणि ती मेसेज लिहिणाऱ्याला दिसतच नाही. २००३ ला १९ वर्षांखालच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये आपण सिल्व्हर घेतलं, फक्त ब्राझील आपल्या पुढे. २००९ ला ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप आपल्या पुण्यात झाली, बालेवाडीला, आणि आपली पोरं जगात चौथी आली. पुण्यातल्याच कितीतरी लोकांना हे ठाऊक नाही. म्हणजे विशीपर्यंत आपण जगाच्या बरोबरीने असतो आणि सीनियरला आलो की मागे पडतो, हे काही पोरांच्या अंगात खोट असल्यामुळे होत नाही. फेडरेशनमध्ये एवढी भांडणं झाली की २०१६ च्या शेवटी जागतिक संघटनेने आपल्या फेडरेशनला सस्पेंडच केलं. ज्या वयात दर महिन्याला मोठ्या टीमशी मॅच हव्यात त्या वयात आपल्या खेळाडूंना ऑफिसच्या टीमकडून टुर्नामेंट आणि मधेच एखादा कॅम्प यावर भागवावं लागलं. २०२२ पासून प्राइम व्हॉलीबॉल लीग आहे, परदेशी खेळाडूंसोबत खेळायला मिळतं, ते चांगलंच आहे, पण लीग काही आठवड्यांत आटोपते आणि वर्षाचे बाकीचे महिने तसेच राहतात.

त्यामुळे जाब विचारायचाच असेल तर फेडरेशनला विचारा, की बालेवाडीत चौथी आलेली ती पोरं सीनियर टीममध्ये आल्यावर त्यांना वर्षाला किती इंटरनॅशनल मॅच खेळायला मिळाल्या.