निवृत्तीसाठी शिडाची बोट घेताय? बेचाळीस नको, चौतीस फुटी बघा

मंडळी, शिरोलीतला फाउंड्रीचा व्याप आता पोरगा बघतोय, दोन वर्षांत माझं सगळं हातावेगळं होईल आणि त्यानंतर शिडाची नवी बोट घ्यायची हे घरात ठरलंय. कोल्हापूर आणि बोट म्हटलं की लोकांना रंकाळाच आठवतो, पण आंबा घाट उतरला की रत्नागिरी आणि गगनबावड्यानं खाली गेलं की विजयदुर्ग, समुद्र आपल्याला पुण्यापेक्षा जवळ आहे ओ. मुंबईत मित्रांच्या बोटीवर क्रू म्हणून रेस करत आलोय, आता स्वतःच्या बोटीवर थोडी रेस आणि जास्त भटकंती करायचीय.

भाचा म्हणतो, मामा एवढे पैसे घालताय तर बेचाळीस फुटी घ्या की, मोठ्या बोटीत आराम जास्त. माझं ठाम मत उलटं आहे. बंदरात उभी असताना मोठी बोट आरामाची, कबूल, पण समुद्रात जी बोट दोन माणसं न दमता चालवतात तीच आरामाची. ओतकामात पॅटर्नचं (साच्याच्या नमुन्याचं) काम केलेल्याला हे लगेच कळेल, तोच आकार ठेवून ३४ फुटाचं ४२ केलं की लांबी पाव पटीच्या आत वाढते पण वजन जवळजवळ दुप्पट होतं. शिडाचा ओढ, विंचवरचा (दोऱ्या ओढायच्या चरखीवरचा) लोड, नांगराचं वजन, सगळं त्याच दिशेनं वाढतं आणि माझी साठीतली ताकद आणि सौ.चे गुडघे काही वाढत नाहीत, झिजतातच. मग क्रू गोळा करावा लागतो, क्रू नाही मिळाला की बोट मूरिंगवरच, म्हणजे बंदरात बांधलेलीच. चौतीस फुटी बोट शनिवारी सकाळी मनात आलं की दोघांत निघते, आणि जी जास्त वेळा निघते तीच घ्यावी.

वेगाचं म्हणाल तर पाण्यातली लांबी ३० फूट असेल तर हल स्पीड, म्हणजे लांबीवरून ठरणारी वेगाची मर्यादा, साधारण ७.३ नॉट (तासाला सागरी मैल). रेसला हळू पडेल ही भीती काढून टाका कारण क्लबच्या रेसमध्ये हँडिकॅप असतो, म्हणजे लहानमोठ्या बोटींचा वेळ हिशोबानं जुळवून घेतात. आयआरसी पद्धत असेल तर बोटीचा टीसीसी (तिला ठरवून दिलेला गुणक) गुणिले लागलेला वेळ, म्हणजे ०.९८० वाली बोट १०० मिनिटांत आली तर हिशोबाला ९८ धरतात. हरायचं ते मोठ्या बोटीकडून नाही, घाणेरड्या तळामुळं आणि जुन्या ताणलेल्या शिडांमुळं. म्हणून पैसे केबिनच्या लाकडापेक्षा शिडांत घाला, भटकायला डॅक्रॉनचा (टिकाऊ पॉलिएस्टर कापडाचा) सेट आणि रेसला लॅमिनेटचा (थर चिकटवलेल्या, कमी ताणणाऱ्या कापडाचा) वेगळा.

आता कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं वजनदार पातं, इथं मी जरा जास्त बोलणार कारण हा आपल्या धंद्याचा विषय आहे. बेनेटो ओशनिस, जानो सन ओडिसी असल्या फॅक्टरी बोटींना कास्ट आयर्नची (बिडाची) कील येते, हॉलबर्ग-रासीसारख्या महागड्या बोटींना शिशाची. शिशाची घनता ११.३ आणि ग्रे आयर्नची ७.२ च्या आसपास, त्यामुळं तेवढंच वजन शिशात कमी जागेत बसतं, कील बारीक राहते, पाण्याचा अडथळा कमी. शिसं मऊ, खडकाला लागलं तर चेपतं आणि धक्का पचवतं, बीड तो धक्का सरळ बोल्टला आणि हलच्या (बोटीच्या अंगाच्या) तळाला देतं. बिडाला गंज आहेच. तरीही मी बीडवाली घेईन कारण किमतीत लई फरक पडतो आणि दर पावसाळ्यात बोट वर काढायचीच असते, तेव्हा घासून इपॉक्सी मारता येतं. फक्त एकदा जरी तळ टेकला तर बोल्ट आणि आतली फ्रेम बघून घेणं टाळू नका. २०१४ ला अटलांटिकमध्ये चिकी राफिकी नावाच्या बोटीची कील सुटली आणि चौघे गेले, आधीच्या तळ टेकण्यानं आणि दुरुस्त्यांनी जोड कमकुवत झाला असावा असं चौकशीत आलं. तेव्हापासून कोणी "हलकंच लागलं होतं" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

उथळ कील की खोल, हे मात्र अवघड आहे. आपल्या किनाऱ्याला खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे, आंग्र्यांची गलबतं उथळ म्हणून तर आत शिरायची, तिथं दीड मीटर ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) असेल तर जीव निवांत. पण हंगामात सकाळी मतलई (जमिनीवरून येणारा वारा) आणि दुपारनंतर वायव्येचा वारा, म्हणजे मुंबईहून मालवणला मजेत जाल आणि येताना सगळा रस्ता वाऱ्याच्या तोंडावर, तिथं बोटीला आडवं सरकू न देणारी खोल कीलच कामाची. मी रेसही करणार म्हणून खोलच घेतोय, दोन मीटरच्या जवळची, आणि भरती बघून खाडीत शिरेन.

बाकी थोडक्यात. मास्टच्या (डोलकाठीच्या) आत गुंडाळणारी मेनसेल (मुख्य शीड) घेऊ नका, त्यात आडवे बॅटन (शीड ताठ ठेवणाऱ्या पट्ट्या) नसतात, शीड लहान आणि पोकळ होतं. त्यापेक्षा लेझी बॅग (उतरवलेलं शीड झेलणारी पिशवी), रीफच्या (शीड लहान करायच्या) दोऱ्या कॉकपिटपर्यंत (सुकाणूच्या जागेपर्यंत) आणि एक इलेक्ट्रिक विंच. हान्से कंपनीच्या बोटींचा आपोआप बाजू बदलणारा जिब (पुढचं शीड) म्हाताऱ्या खांद्यांना वरदान आहे पण मंद वाऱ्यात कमी पडतो, सोबत कोड झिरो (मंद वाऱ्याचं मोठं हलकं शीड) हवाच. युरोपवाले हीटर देतात, आपल्याला एप्रिलच्या उकाड्यात बिमिनी (कॉकपिटवरचं कापडी छत) आणि भरपूर हॅच (डेकवरच्या हवेच्या खिडक्या) लागतात. टीकचा (सागवानी) डेक दिसायला देखणा पण उन्हात अनवाणी पाय ठेवून बघा एकदा.

ऑर्डर देण्याआधी एक गोष्ट राहिलीय, जून ते सप्टेंबर बोट वर काढून कुठं ठेवायची. देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरीकडच्या कुणाला साडेपाच सहा टनाची, खाली कील असलेली बोट उचलणारी क्रेन आणि वाऱ्यापासून आडोसा असलेली जागा माहीत असेल तर खाली लिहा, मी स्वतः येऊन बघून जातो.