‘एक लिंक मारली की झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण निम्मी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लिनक्सवर ईमेल पाठवणारा प्रोग्रॅम बदलण्याचं जे काम ‘एलएन -एस’च्या (एका नावाची लिंक दुसऱ्या फाइलकडे वळवणाऱ्या कमांडच्या) एका ओळीत होतं त्यासाठी मी अख्खा लेख खर्ची घातला, आणि वर मी दिलेली ‘अल्टरनेटिव्हज’ची (एकाच कामाच्या अनेक प्रोग्रॅमांतून चालू कोणता ते ठरवणारी) कमांड तुमच्या डेबियन लिनक्सवर चाललीच नाही.

दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. ती कमांड रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सची. तिथे सेंडमेल आणि पोस्टफिक्स हे ईमेल पोचवणारे दोन प्रोग्रॅम एकाच मशीनवर शेजारी नांदू शकतात, म्हणून ‘यातला चालू कोणता?’ हे विचारावं लागतं. डेबियनवर पोस्टफिक्स टाकलं की एक्झिम या तशाच प्रोग्रॅमचं पॅकेज काढलं जातं. निवडायला दुसरं काही उरतच नाही. हे लेखात लिहायला हवं होतं. आता घातलं आहे.

आता तुमची एक ओळ. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल 1983मध्ये बीएसडी युनिक्सबरोबर आला आणि इतका रुळला की नंतरच्या पोस्टफिक्स, एक्झिम सगळ्यांनी दारावर तीच पाटी लावली, म्हणजे ‘सेंडमेल’ याच नावाची कमांड दिली. त्या पाटीखाली ‘मेलक्यू’ (जायची राहिलेली पत्रं, म्हणजे रांग, दाखवणारी कमांड) आणि ‘न्यूअलायसेस’ (टोपणनावांच्या पत्त्यांची यादी ताजी करणारी) ही भावंडंही येतात. तुम्ही फक्त ‘सेंडमेल’ची लिंक पोस्टफिक्सकडे वळवलीत आणि ‘मेलक्यू’ जुन्याचाच राहिला, तर तो जुन्या सेंडमेलची रांग बघतो आणि सांगतो, रांग रिकामी आहे. तिकडे पोस्टफिक्सच्या रांगेत पत्रं तुंबलेली! मी स्वतः यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे, तीही फायरवॉलला शिव्या देत. रेड हॅटची ‘अल्टरनेटिव्हज’ ही सगळी नावं एकदम वळवते. तिचा खरा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे. शंका आली तर ‘/यूएसआर/एसबिन/सेंडमेल -बीपी’ चालवा. पत्रं ज्याच्या हातात जाताहेत त्याचीच रांग दिसेल.

‘नाहीतर पाथमध्ये (कमांड कुठे शोधायची त्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत) नवी डिरेक्टरी पुढे टाका’ असंही तुम्ही सुचवलंय. ते टर्मिनलपुरतं ठीक. पण बरेच प्रोग्रॅम पाथ बघतच नाहीत, थेट ‘/यूएसआर/एसबिन/सेंडमेल’ गाठतात. गिटमधली ईमेल पाठवणारी कमांड ‘गिट सेंड-ईमेल’सुद्धा आधी ठरलेल्या जागा चाचपतो, पाथ त्यानंतर. शिवाय ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचा पाथ तुमच्या शेलपेक्षा वेगळा असतो. मग हाताने पाठवलेलं पत्र एका प्रोग्रॅममधून जातं आणि रात्रीच्या स्क्रिप्टचं दुसऱ्यातून.

जुना प्रोग्रॅम काढण्याआधी त्याची रांग मात्र रिकामी करा. रांगेतली पत्रं नव्याकडे आपोआप जात नाहीत.

‘मेल’ कमांडला ‘-ए’ दिलं की भलतंच होतं, ही तुमची तक्रार वेगळी आहे. तिथे पाथ बरोबर असूनही घोटाळा होतो, कारण ‘मेल’ या नावाचे प्रोग्रॅमही अनेक. एस-नेलमध्ये ‘-ए’ म्हणजे फाइल जोडणं, बीएसडी-मेलएक्समध्ये जादा हेडर (पत्राच्या माथ्यावरची माहितीची ओळ) घालणं. डेबियनवर हा तिढा ‘अपडेट-अल्टरनेटिव्हज’ने सुटतो, म्हणजे तुमच्याकडे ती सोय आहे, फक्त दुसऱ्या दारावर.

आता ‘टाइप -ए सेंडमेल’ रूट म्हणून चालवून बघा; पाथमध्ये त्या नावाचं जे जे सापडेल ते सगळं दिसेल. ‘/यूएसआर/लोकल’मधली ओळ आली, तर कधीतरी सोर्सवरून बांधलेली प्रत तिथे पडून आहे. ती हलवा, ‘हॅश -आर’ करा म्हणजे बॅश (तुमचा शेल) जुना पत्ता विसरेल, आणि काय झालं ते इथेच कळवा.