गावातली नोकरी निवांत नसते

"गावात नोकरी करणारा सुखी. ना घरभाडं, ना ट्रॅफिक, सहाला घरी. बायका घरीच, म्हणून लेकरांकडे लक्ष. तरी ज्याला वेळ पुरत नाही, त्याला नियोजन येत नाही." हा मजकूर आमच्या तीन ग्रुपवर फिरला. मी यवतमाळ जिल्ह्यात एका कृषी केंद्रात, म्हणजे बियाणं-खताच्या दुकानात, हिशेब लिहितो, म्हणून उत्तर देतो.

भाडं नाही, खरं आहे. पण दुकान १४ किलोमीटरवर, अन् शेवटची एसटी चुकली की पेट्रोल माझं.

सहाला घरी? मृगात येऊन पाहा. पहिला पाऊस पडला की पहाटे बियाण्यासाठी रांग लागते, शटर रात्री दहाला पडतं, मग स्टॉक जुळवायचा. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात साप्ताहिक सुटी आहे, ओव्हरटाइमला दुप्पट मजुरी आहे. पण तो आधी १० किंवा जास्त कामगार असले तरच लागू व्हायचा, २०२५ मध्ये ती अट २० वर नेली. आम्ही सहा जण.

राहिलं नियोजन. आमचा धंदा उधारीचा. कास्तकार जूनमध्ये बियाणं-खत नेतो, कापसाचा चुकारा आला की फेडतो. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला, तेव्हा लोक स्वतःहून येऊन खातं मिटवून गेले आणि माझे रविवार घरी गेले. पुढे भाव ७,००० च्या आसपास आला. लोकांनी कापूस घरातच भरून ठेवला, वसुली अडली. तेव्हापासून रविवारी मी वही घेऊन गावोगाव फिरतो. ज्याच्या ओसरीवर बसतो तो कित्येकदा नात्यातलाच निघतो. तो मान खाली घालून चहा देतो आणि मला पैशाचं बोलवत नाही. वसुली नाही म्हणून माझा पगारही दोनदा तुकड्यांत झाला. घरची तीन एकर पऱ्हाटी, म्हणजे कापूसच आहे, तिलाही भाव तोच. हे वेळापत्रक मी नाही, कापसाच्या भावानं आखलंय.

'बायका घरीच' हे मात्र फार लागलं. माझी बायको आशा सेविका आहे, गावातली आरोग्य कार्यकर्ती. सरकारच्या लेखी ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका. रात्री अडीचला फोन आला की १०२ ची रुग्णवाहिका बोलावून ती अडलेल्या बाईसोबत दवाखान्यात जाते. परवा ती परतली तेव्हा मी दुकानाला निघालो होतो. पोरीची एक वेणी मी घातली होती, दुसरी तिनं उभ्या उभ्या घातली.